मालूच्या कागदावरची भरती

कंपनीचं पत्र आलं तेव्हा आमचे गोमाजी भावजी होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फासत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. पोस्टमननं पाकीट पुढं केलं, आता ते घेणार कशानं? दातांत धरलं. मी टेम्पोतून बर्फाची लादी उतरवत होतो. म्हटलं, "भावजी, पत्र वाचायचं असतं, खायचं नसतं."

"मंग तू वाच," ते दातांतूनच बोलले.

अठ्ठ्याऐंशी साल. नवरात्राचे दिवस. कोलशेतच्या खाडीवर जिथं आमची मासळी सुकायची तिथं कंपनीची भिंत उभी राहिलेली. भरावाची माती घसरून घसरून आमची नाळ, म्हणजे खाडीतनं होड्या घरापाशी यायची पाण्याची वाट, निम्मी बुजलेली. भरती पूर्ण भरली की तासभर होडी आत यायची, बाकीच्या वेळी चिखल. जागा घेताना कंपनीनं कबूल केलेलं, घरटी एक कायम नोकरी. पाच वर्षं गेली. आम्ही विसरलो, पण कंपनी विसरली नव्हती.

मी वाचलं. पॅकिंग खातं, कायम नोकरी, माणूस दहावी पास पाहिजे. तारीख दिलेली ती पडत होती धनत्रयोदशीला. त्या दिवसापर्यंत नाव दिलं नाही तर नंबर पुढच्या घराला.

आता घरात माणसं तीन. भावजी दुसरी नापास. माझी बहीण सगुणाताय, तिनं शाळा बघितली ती फाटकाबाहेर कोलंबी विकताना. आणि तिसरी त्यांची पोर मालू. मालू कॉलेजात, कॉम्प्युटरच्या डिग्रीला. दुसरं वर्ष चालू.

"म्हंजे मालूच," भावजी म्हणाले आणि ब्रश डांबरात बुडवला. त्यांच्यापुरता विषय संपला.

मालू संध्याकाळी आली तेव्हा विषय पुन्हा सुरू झाला. पोरगी अंगानं काडी, पण आवाज आमच्या तायचा. बाजारात घासून निघालेला.

"बाबा, मी नाही जाणार. मला डिग्री करायचीय."

"अजून किती हाय?"

"अडीच वर्षं."

"आनि मंग?"

"मग नोकरी."

"आनि ही काय हाय मंग?" भावजींनी पत्र वर धरलं. त्यावर डांबराची पाच बोटं उठलेली. "मना सांग, त्या कॉम्पुटरला काय काय येतं?"

मालूला वाटलं बाबा विचारतायत, सांगावं. सांगितलं. हिशेब येतो, पगारपत्रकं येतात, लाख नावं एका मिनिटात लावता येतात. थंड खोलीत असतो, आत जाताना चप्पल बाहेर काढायला लागते.

"म्हंजे देवलासारखं."

"हो."

"आनि त्याला सगलं येतं."

"जवळजवळ."

"मंग तुला चार वर्सं काय शिकवतात? बटन दाबाया?" भावजी गुडघ्यावर हात टेकून उठले. पाठीचा मणका कडाडला तो ओटीपर्यंत ऐकू आला. "ज्याला सगलं येतं त्याच्यापाशी मानूस कशाला लागतंय गो? पॅकिंगला हात लागतात. हातांना मरन नाय."

मालू गप्प झाली. आमच्याकडं पोरगी ओरडली तर काळजी नाही. गप्प बसली की घाबरायचं.

भावजी माणूस न्यायाचा. म्हणाले, आपल्याला कळत नाही, तर शिकलेल्या माणसाला विचारू. शिकलेला माणूस एकच ओळखीचा: उत्तमराव. हे मूळचे साताऱ्याकडचे, राहायला डोंबिवलीला, नोकरीला ठाण्यात बँकेत. सगुणातायचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक. बँक सुटली की मासळी घेऊनच घरी जायचे. मी दुसऱ्याच दिवशी भावजींना आणि तायला टेम्पोत घालून ठाण्याच्या बाजारात नेलं.

उत्तमराव आले ते शर्टावर बिल्ला लावून. बिल्ल्यावर कॉम्प्युटरचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

"गोमाजीभाऊ, स्पष्ट सांगतो. एक कॉम्प्युटर दहा क्लार्क खातो. आमची युनियन तो बँकेत येऊ देणार नाही. आलाच तर आम्ही दारात आडवे पडू. मग तुमची मुलगी डिग्री घेऊन बसणार कुठं?"

भावजींचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्या पोरीनं तुमच्या अंगावरनं जायचं?"

"तिच्यावर वैयक्तिक राग नाही हो."

सगुणाताय बोई साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सायेब, तुमचा रतन काय करतो आता?"

"रतन? बारावीला आहे. संध्याकाळी क्लासला जातो."

"कसल्या?"

"ही बोई ताजी आहे ना?"

"बोई ताजी हाय. क्लास कसला?"

उत्तमरावांनी बिल्ल्यावर हात ठेवला, जसा काही तोच विचारत होता. "कॉम्प्युटरचा. सुट्टीत बसवला, तो आपला अजून जातोय."

मी इतका हसलो की बाजूच्या कोळणीनं माझ्या अंगावर पाणी मारलं. ताय हसली नाही, तिनं एक बोई जास्त टाकली पिशवीत. भावजी पण हसले नाहीत. परत येताना टेम्पोत म्हणाले, "त्यांचा पोरगा बुडला तरी बापाची बँक हाय. आपली पोर बुडली तर खाडी हाय. ती पन काली."

खोटं नव्हतं ते. त्या वर्षी जाळं वर आलं की आधी वास यायचा, मग तेलकट फेस, मग कुठं मूठभर कोलंबी आणि दोन निवटे. भावजी पहाटे ओहोटीबरोबर खाडीत रोवलेल्या जाळ्याच्या खुंटावर जायचे, जाळं ओढायचे, भरतीबरोबर परत. तळहाताला भेगा, भेगांत ते काळं पाणी. ताय रात्री खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "हातांना मरन नाय म्हनतात, हात बघा आधी."

पण मालूचं काय चाललेलं ते मला रविवारी कळलं. भावजी ओटीवर जाळं तुणत बसलेले आणि ती वही घेऊन समोर.

"बाबा, भरतीची वेळ कशी काढता?"

"डोक्यानं."

"डोक्यात काय करता?"

भावजींना बरं वाटलं. आतापर्यंत पोरीनं या खात्यातलं काही विचारलं नव्हतं. "तिथी घे. तिनानं गुन, चारानं भाग. जेवढं येल तेवढे वाजता समिंदराला भरती. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन."

"आणि आपल्याकडं?"

"वसईचं पानी चालत येतं बाय. दीड तास चढव."

मालूनं लिहून घेतलं. मला हळूच म्हणाली, "मामा, कॉलेजात प्रोजेक्ट आहे. उपयोगाचं काहीतरी करून आणा म्हणालेत. मी भरतीचं वेळापत्रक करते. मग बाबांना दाखवते."

डोकं आहे पोरीला, मामावर गेलीय.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिनं कागद आणला. हा लांब, हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं. एका बाजूला इंग्रजी तारीख, दुसऱ्या बाजूला वेळ, पुढच्या महिनाभराची. टिंबाटिंबांचे आकडे. बाबांना दाखवायची तिची छाती होईना. "आता नको मामा. बटण दाबून आणलं म्हणतील."

"माझ्याकडं दे," मी म्हटलं.

आता मी काय केलं ते ऐका. आमच्या बर्फाच्या कारखान्यात एक गोल शिक्का होता, इतका झिजलेला की मारला की नुसतं चक्र उठायचं. कागदाची झेरॉक्स काढली, खाली लाल शाईत शिक्का हाणला, थोडा तिरका, कारण सरकारी शिक्का सरळ कधी बघितलाय कुणी? आणि नेऊन चिकटवला कोळीवाड्याच्या देवळाच्या खांबावर. विचारलं तर सांगितलं, बंदर खात्याचा माणूस येऊन गेला. बेत साधा होता: आठ-दहा दिवस कागद बरोबर चालू द्यायचा, भावजींनी चार लोकांत त्याची तारीफ केली की भर देवळात सांगायचं, हा तुमच्या पोरीचा.

कागद चालला. पहिल्या दिवशी शेजारच्या दामाजीनं घड्याळ धरून बघितलं. पाणी मिनिटावर. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी तर पंचांगाकडं कुणी बघेना, सगळे खांबाकडं. "वरळीत बसून आपल्या नाळंचं पानी सांगतात," दामाजी म्हणायचा. वरळी त्यानं स्वतःच्या मनानं घातलेली.

आणि भावजी? मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो तारीफ कधी निघते. निघाली पाचव्या दिवशी, जेवताना.

"भारी कागद काढलाय."

"काढलाय ना!" मी सरसावलो. मालूचा घास हातात राहिला.

"कॉम्पुटरवरच काढला असंल," ते म्हणाले. "चालीस वर्सं मी बोटं मोजली. आता कागद सांगतो. खरंच त्याला सगलं येतं रे काना." मग मालूकडं बघून, आवाज अगदी मऊ, "म्हनून सांगतो बाय. माझं काम त्यानं घेतलं, तुझं ठेवंल काय? धनतेरसला माझ्याबरोबर चल. नाव देऊन टाकू."

माझ्या घशात निवट्या अडकला. ताय माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्यापासून माझी एक खोडी लपत नाही. मालूनं ताट तसंच ठेवलं आणि हात धुवायला उठली. मागनं मी गेलो तर म्हणाली, "मामा, तुम्ही मला पॅकिंगला लावलंत."

मी तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी ओतलं.

आता खरं सांगायचं म्हणजे काय, की कागद मालूचा आणि शिक्का माझा! पण मग भावजी म्हणणार, पोरीनं बापाला देवळात बनवला. नाही सांगितलं तर पोरगी गेली पॅकिंगला. मध्ये भांगाचे दिवस आले, पाण्याला ओढ नसते, जाळी काठावर पडून असतात. भावजी होडीची फळी बसवत राहिले, मालू कॉलेजला जात राहिली, आणि मी तोंड चुकवत राहिलो.

भांग सरला. वसुबारसेच्या पहाटे अकरा होड्या बाहेर पडल्या. कागद म्हणत होता, भरती पावणेदहाला. मी बर्फ घेऊन टेम्पो नाळेच्या तोंडाशी लावला. कल्याणचा व्यापारी पण आलेला, सणाचा माल उचलायला. कंपनीत चहाची सुट्टी, भिंतीवर माणसं बसलेली पाय सोडून.

साडेनऊला होड्या दिसल्या. पुढं भावजींची. नाळेत शिरले, वल्हं मारलं, आणि होडी थांबली. पुढं जाईना. मागनं दामाजीची येऊन तिला टेकली, तिच्यामागं तिसरी. बघता बघता अकरा होड्या चिखलात, एकीमागं एक, टेकून बसल्या, जशा म्हशी बसतात.

"पानी कुठं हाय?" भावजी ओरडले.

"येल! पावणेदहा वाजू दे!" दामाजी मागनं. त्यानं कागदाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवलेली.

पावणेदहा वाजले. पाणी नाही. म्हणजे होतं, पण घोट्याएवढं. भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, "काय रे, पार्किंग केली काय?" भावजी होडीत उभे, कमरेवर हात. ऊन चढत होतं. पाट्यांतली कोलंबी लाल पडायला लागलेली. व्यापारी दहा मिनिटं थांबला, मग घड्याळ दाखवून निघून गेला.

"सकाली उठताना माझ्या मनानं म्हटलेलं," भावजी कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "पानी साडेदाला येल. मी म्हटलं, शिक्का हाय, आपलंच डोकं म्हातारं झालं."

ते ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. चाळीस वर्षं ज्याला पाणी कळतं त्या माणसाला मी झिजलेल्या शिक्क्यानं खोटं पाडलं.

मालू तेवढ्यात आली. दिवाळीची सुट्टी लागलेली. बघितलं, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ चिखलात उतरली. पचक पचक करत बापाच्या होडीपाशी.

"बाबा, वेळ कुणी सांगितली?"

"सरकारनं."

दामाजीनं कागद पुढं केला. मालूनं त्यावरची वेळ बघितली आणि पांढरी पडली. "हा माझा कागद आहे."

अकरा होड्यांतली सगळी माणसं आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं वळली. मी बर्फाच्या लादीमागं वाकलो. लादी वितळून बारीक झालेली, मी दिसत होतो. पाट्या उचलायला आलेल्या सगुणातायनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि माझ्या पाठीत हाणली.

"तू केलास?" भावजींनी मालूला विचारलं.

"हो. तुम्ही सांगितलं तसंच. तीनानं गुणून, चारानं भागून."

"तिथ्या कशा धरल्यास?"

"रोज एक. पंधरा दिवस, पंधरा तिथ्या."

दामाजीनं बोटांवर तिथ्या मोजल्या. मग असा हसला की त्याची होडी हलली. "अगं बाय, सप्तमी तुटलेली ना!"

"तुटलेली म्हणजे?"

आता सगळी नाळच हसायला लागली. भिंतीवरच्यांना काही कळेना, ते पण हसले. तिथी तुटते म्हणजे मधली एखादी गळते, कधी एकच तिथी दोन दिवस येते, हे आमच्याकडं शेंबडं पोर जाणतं. पंचांग बघायचं असतं. मालूचा कागद एक तिथी मागं राहिला, म्हणजे पाऊण तास. भावजींनी नियम सांगताना तेवढं सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? भात शिजवायला शिकवताना चूल पेटव म्हणून कुणी सांगतं का?

एकटे भावजी हसत नव्हते. होडीच्या काठावर बसले, पाय चिखलात सोडून.

"मशीनला नाय ठावं? सप्तमी तुटली ते?"

"मशीनला काहीच ठाऊक नसतं बाबा. मी सांगते तेवढंच. मला माहीत नव्हतं, म्हणून त्याला पण नाही."

"तू तर म्हनालीस सगलं येतं."

"चुकीचं बोलले."

"म्हंजे येडं हाय ते."

"ठार."

"आनि सांगशील तसंच करतं? चुकीचं असलं तरी?"

"चुकीचं असलं तरी. हजार वेळा, न दमता."

भावजींनी मागं वळून बघितलं. एकामागं एक रुतलेल्या होड्या, डोक्यावर ऊन, नासलेली कोलंबी, दामाजीच्या हातातला तो कागद. बराच वेळ बघितलं. मग पोरीला हात देऊन होडीत घेतली.

"मंग चार वर्सं कमी हायत गो," ते म्हणाले.

मालू एकदम रडली. चिखलाचे हात डोळ्याला लावले, तोंड सगळं काळं. भावजी तिच्याकडं न बघता बोलत राहिले. तिथी कधी तुटते, कधी वाढते, उधाणाला पाणी किती चढतं, वारा उलटा असला तर किती उशीर होतो, भराव पडल्यापासून नाळेला किती जास्त लागतं. ती तळहातावर पेननं लिहीत होती. तळहात भरला, मनगटावर गेली. साडेदहाला पाणी आलं, अगदी भावजींनी मनात धरलेलं तेव्हाच, आणि अकरा होड्या हलक्या झाल्या. माझ्या टेम्पोत तेव्हा बर्फाचं नुसतं पाणी होतं. ती मासळी मी विकत घेतली, सगळीच्या सगळी. तायनं तसा हुकूमच काढला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. भावजींनी धुतलेला सदरा घातला, पत्र घेतलं आणि मला म्हणाले, "चल कंपनीत." मालूला बोलावलं नाही. तिनं दारातून बघितलं. विचारायची तिची हिंमत झाली नाही, माझीही नाही. काल चिखलात बोलले ते बोलले, पण कायम नोकरीचा कागद अजून त्यांच्या मुठीत होता.

कंपनीच्या ऑफिसात हरिहर नावाचे बाबू होते. चष्म्यावरून बघणारे, माणूस बरा.

"बोला. नाव कुणाचं घालायचं?"

भावजी उभेच. खुर्ची दिलेली, पण अंगाला मासळीचा वास असतो म्हणून ते कुठल्या ऑफिसात बसत नाहीत. पत्राची घडी उघडून टेबलावर ठेवली. मला वाटलं, झालं. आता मालूचं नाव सांगणार.

"आमच्या घरात धाव्वी पास कोनी नाय," भावजी म्हणाले.

हरिहरबाबूंनी कागद चाळले. "असं कसं? इथं यादीत आहे ना. मालू गोमाजी. मुलगी."

"ती शिकते अजून."

"अहो, पण दहावी तर झालीच असेल ना?"

"सायेब," भावजींचा चेहरा जराही हलला नाही, "काल तिनं अकरा होड्या चिखलात घातल्या. तिला एवढ्यात पास कोन म्हनंल?"

हरिहरबाबू त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी छताकडं बघितलं. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागलेल्या. ज्या माणसानं उभ्या जन्मात एक खोडी केली नाही, त्यानं मला माझ्याच धंद्यात मागं टाकलं.

"नंबर पुढच्याला जाईल," हरिहरबाबू म्हणाले. "पुन्हा मिळणार नाही. आवडाबाईंच्या जावयाला जाईल."

"जाऊ दे. पोरं हायत त्याला."

त्यांनी दाखवलं तिथं भावजींनी अंगठा उठवला, शाई सदऱ्याला पुसू नये म्हणून हात लांब धरून बाहेर आले आणि टेम्पोत बसले. मी चावी फिरवली. गेट मागं पडलं, भिंत संपली.

"काना."

"काय भावजी?"

"कायम नोकरी होती रे."

"होती."

"मरेपर्यंत."

"हो."

त्यांनी मान हलवली. मग हात खिडकीबाहेर काढून वाऱ्यावर धरला, शाई सुकवायला. "जरा जोरात चालव," म्हणाले, "पोर दारात उभी असंल."